सकाळची पेज आणि पोटाचे आरोग्य

मालवण किनाऱ्यावरील शेतकऱ्यांच्या व मच्छीमारांच्या घरांतून उकड्या तांदळाची पेज ही पिढ्यान्‌पिढ्या न्याहारी म्हणून घेतली जात आली आहे. पहाटे नांगर धरणारा किंवा रापण ओढणारा माणूस कामाचा पहिला भर ओसरला म्हणजे वाडगाभर पेज घेई. सोबत खारातील कैरी, भाजलेला सुका बांगडा किंवा एखादी भाजी असे. आता अनेक घरांत पेजेची जागा चहा व बिस्किटांनी घेतली आहे. शाळेची व नोकरीची घाई लक्षात घेता हा बदल समजण्यासारखा आहे. पोटाच्या दृष्टीने मात्र तो तोट्याचा आहे.

रात्रभर शांत असलेले मोठे आतडे सकाळी जागे होते. रिकाम्या पोटी अन्न गेले की त्याच्या हालचालीस जोर येतो व शौचाची भावना होते. या वेळी पोटात पाणी व अन्न दोन्ही जाणे इष्ट असते. पेजेत ती दोन्ही आहेत. उठताच पेलाभर पाणी प्यावे, आणि पेज दहा वाजेपर्यंत न लांबविता लवकर घ्यावी. विशेषतः शाळेत जाणाऱ्या मुलांना ती घरून निघण्यापूर्वी मिळावी.

उकडा तांदूळ करताना भात भिजवून, उकडून, वाळवून मग भरडतात. उकडताना कोंड्यातील ब जीवनसत्त्वांचा काही अंश दाण्यात उतरतो; त्यामुळे साध्या सडीक तांदळाइतका तो निःसत्त्व होत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गिरणीत पांढरा होईपर्यंत सडलेल्या तांदळाच्या पेजेत चोथा फारच थोडा असतो, आणि चोथ्यावाचून मल मऊ राहत नाही. म्हणून घरच्या वापरासाठी लाल तांदूळ कमी सडून घ्यावा व पेजेबरोबर कुळथाची उसळ किंवा पालेभाजी ठेवावी. भातकापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर घेतलेला कुळीथ सगळाच बाजारात न नेता वर्षाची बेगमी घरी ठेवणे यासाठीच हिताचे होय. आतड्यातील उपकारक जंतू या चोथ्यावरच पोसले जातात.

शौचाची भावना झाली असता ती दाबून ठेवण्याची सवय सर्वांत वाईट. मल आत राहिला की आतडे त्यातील पाणी शोषून घेते, खडा बनतो, आणि कुंथण्याने मूळव्याध बळावते. पूर्वी आडोशाअभावी स्त्रियांना अंधाराची वाट पाहावी लागे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात हे चित्र पालटले. 2016 साली केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशातील सर्वांत स्वच्छ जिल्हा म्हणून त्याची निवड झाली. पण घरी शौचालय असूनही चूल, गुरे, मुलांचे डबे यांपायी गृहिणी स्वतःची वेळ टाळीत राहते. सकाळची दहा मिनिटे तिच्यासाठी मोकळी ठेवणे हे घरातील इतरांचे काम आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय महिला मंडळात संकोच न करता काढावा.

रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खाण्याचीही चाल आहे. दमट हवेत उघड्यावर राहिलेल्या भातात असे जंतू वाढू शकतात की ज्यांचे विष पुन्हा तापविल्यानेही जात नाही. तेव्हा पेज सकाळी ताजीच शिजवावी. पावसाळ्यात विहिरीचे पाणी उकळून मगच प्यावे.

रक्तदाब असलेल्यांनी पेजेतील मीठ व खारवलेली तोंडीलावणी कमी करावी. मधुमेहींनी पेजेचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे. मलातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा शौचाची नेहमीची सवय एकाएकी बदलून तशीच राहणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत दिवस न घालविता प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे.