देश, काल आणि वायू : सह्याद्रीच्या दोन्ही अंगांनी विचार

जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना चरकाचार्यांनी वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सांगितले आहेत. माणसांची प्रकृती, आहार, वय भिन्न असले तरी हे चार भाव सर्वांना समान असतात. म्हणून ते बिघडले की अनेकांना एकाच वेळी एकसारखे व्याधी होतात. आज हिवाळ्यात शहरांतील चिकित्सालयांत कास-श्वासाच्या रुग्णांची जी गर्दी होते, तिचा विचार याच सूत्राने करावा लागतो. प्रस्तुत लेखात आपल्या प्रदेशाची भूरचना व ऋतू यांमुळे स्थानिक हवामान आणि हवेची शुद्धता कशी ठरते, हे पाहून त्यातून चिकित्सक व औषधनिर्माते यांनी काय घ्यावे, याचा विचार आम्ही करणार आहोत.

एकाच जिल्ह्यात दोन देश

जून महिन्यात अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीवर अडतात व वर चढतात. वर चढणारी हवा प्रसरण पावून थंड होते, तिच्यातील बाष्पाचे जलबिंदू होतात आणि प्रतिरोध पर्जन्य पडतो. घाटमाथा ओलांडून हीच हवा खाली उतरू लागली की ती दाबली जाऊन तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि पाऊस ओसरतो. याचे उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यात आहे. महाबळेश्वरी वर्षाला ५,५०० मि.मी. हून अधिक पाऊस पडतो. पाचगणीस त्याच्या सुमारे एक तृतीयांश. आणि घाट उतरून वाईस आलो की तो १,००० मि.मी. च्याही आत येतो. हे सारे अंतर रस्त्याने जेमतेम ३०-३५ किलोमीटरांचे आहे. आणखी पूर्वेस माण-खटाव हा तर पर्जन्यछायेचा, दुष्काळी प्रदेश.

शास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर कोकण हा आनूप देशाकडे आणि माणदेश जांगल देशाकडे झुकणारा आहे. पहिल्यात कफवाताचे, तर दुसऱ्यात वातपित्ताचे प्राबल्य अपेक्षित आहे. एकाच नावाचा ऋतू या दोन ठिकाणी एकाच बळाने येत नाही, हे यावरून उघड व्हावे.

ऋतू पंचांगात आणि ऋतू अंगणात

सुश्रुतसंहितेत ऋतूंच्या दोन मांडण्या आढळतात. एकीत शिशिर आहे, तर दुसरीत शिशिराऐवजी प्रावृट् ऋतू घेतला आहे. गंगेच्या दक्षिणेस पाऊस अधिक, म्हणून तेथे प्रावृट् व वर्षा हे दोन ऋतू, आणि उत्तरेस शीत अधिक, म्हणून हेमंत व शिशिर, अशी उपपत्ती टीकाकारांनी दिली आहे. म्हणजे देशानुसार ऋतुगणना बदलावी लागते, हे प्राचीनांना मान्यच होते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. त्यानुसार मुंबईत पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो. पूर्वी माघारीची तारीख २९ सप्टेंबर होती. पाऊस गेल्यावर आकाश निरभ्र होते, जमीन ओलीच असते, ऊन प्रखर लागते. हीच आपली ऑक्टोबरची काहिली, हाच शरदातील पित्तप्रकोप. शरदातील विरेचनाचे नियोजन तारखेवर न ठेवता पावसाच्या प्रत्यक्ष माघारीवर ठेवणे म्हणूनच अधिक युक्त होय.

हिवाळ्यातील दूषित वायू

पावसाळ्यात वारा जोराचा असतो आणि पाऊस हवेतील कण धुऊन नेतो. हिवाळ्यात दोन्ही साहाय्ये नाहीशी होतात. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यातील रात्री निरभ्र व कोरड्या असतात. जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते आणि तिला लागून असलेली हवा थंड व जड होते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. यास तापमानाची विपरीतता म्हणतात. भांड्यावर झाकण ठेवावे तसा हा थर काम करतो आणि वाहनांचा, शेकोट्यांचा व कचरा जाळल्याचा धूर खालीच कोंडतो. पुण्यासारख्या टेकड्यांनी वेढलेल्या शहरात थंड हवा उतारांवरून सखल भागात साचते, त्यामुळे हा दोष वाढतो. सूर्य वर आला, जमीन तापली की झाकण सुटते आणि दुपारी हवा पुष्कळ निवळते.

मुंबईस समुद्राचे वरदान आहे. दिवसा खारे वारे व रात्री मतलई वारे शहराची हवा हलती ठेवतात. परंतु हिवाळ्यात मतलई वारे सकाळी उशिरापर्यंत टिकतात, खारे वारे विलंबाने सुरू होतात आणि मधल्या निवांत काळात धूळ व धूर साचतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईने हे तीव्रतेने अनुभवले. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली.

येथे विशेष भय २.५ मायक्रॉनहून लहान कणांचे आहे; ते फुप्फुसात खोलवर जातात. आपल्या राष्ट्रीय मानकानुसार त्यांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचविली आहे.

चिकित्सकांनी काय करावे?

हेमंतात व्यायाम हितकर, हे निर्विवाद. परंतु श्वासाच्या रुग्णास, वृद्धास वा हृद्रोग्यास डिसेंबरच्या पहाटे रहदारीच्या रस्त्याने फिरावयास सांगणे म्हणजे त्यास दूषित वायूच्या तळाशी धाडणे होय. अशा रुग्णास ऊन चढल्यावर, शक्यतो मोकळ्या टेकडीवर फिरण्यास सांगावे. २०१५ पासून प्रसिद्ध होणारा हवा गुणवत्ता निर्देशांक पाहण्याची सवय त्यास लावावी. निर्देशांक २०० च्या वर गेला की हवा ‘खराब’ गणली जाते. बंद खोलीतील धूपनही धूरच निर्माण करते; श्वासाच्या रुग्णाच्या घरी ते टाळावे. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे. वायू दूषित राहिला तर केवळ औषधाने तो दोष भरून निघत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे. तीव्र श्वासवेगाच्या रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

औषधनिर्मात्यांनी काय करावे?

शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर क्षीण होते असे म्हटले आहे. कोकणातील दमट हवेत तर ही काळजी दुप्पट घ्यावयास हवी. लवणभास्करासारखी लवणयुक्त चूर्णे व क्षार हवेतील ओलावा लगेच ओढून घेतात. ओलसर वनस्पतिद्रव्यांवर बुरशी धरते. कोकणातील बांधवांनी वर्षभराच्या द्रव्यांचे शोषण व कुट्टण पावसापूर्वी उरकावे, पावसाळ्यात शोषणयंत्राचा आश्रय घ्यावा आणि भांडारात आर्द्रतामापक ठेवावे. विदर्भात प्रश्न उलट आहे. तेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हणून घृते, अवलेह व आसवारिष्टे पत्र्याच्या छपराखाली ठेवू नयेत.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. गोवऱ्यांचे पुट अद्याप उघड्यावर देणाऱ्या निर्मात्यांनी ते हिवाळ्याच्या संध्याकाळी देऊ नये. त्या वेळी धूर वर न जाता वस्तीवरच पसरतो. दुपारची वेळ निवडावी किंवा विद्युत् भट्टीचा विचार करावा. रोग्यास श्वासाचे औषध देणाऱ्या औषधशाळेनेच शेजाऱ्यांचा श्वास कोंडावा, हे आपल्या शास्त्रास शोभणारे नाही.

देश म्हणजे भूमी आणि देश म्हणजे आतुरही, असे चरकाचार्य मानतात. आतुराचे परीक्षण आपण रोज करतो. आपापल्या गावचे वारे, पाऊस, आर्द्रता व हवा यांची वर्षभर नोंद ठेवून भूमीचेही परीक्षण करावे. अशा नोंदीतूनच प्रत्येक गावाची स्वतःची ऋतुचर्या सिद्ध होईल, असा आमचा विश्वास आहे.