स्पोर्ट्स कारला रेसिंगचे ब्रेक पॅड हवेतच का?

गाडी स्पोर्ट्स कार आहे, मग ब्रेक पॅडही रेसिंगचेच हवेत, असं तुम्हालाही वाटतं का? जरा थांबा! रेसिंग पॅड चांगले तापल्यावरच नीट पकड घेतात. सकाळी गाडी काढली आणि पहिल्याच वळणावर एखादं मूल आडवं आलं, तर थंड पॅड कमी पडू शकतात. शिवाय ते कर्कश आवाज करतात, डिस्कही लवकर झिजवतात.

म्हणून रोजच्या रस्त्यासाठी थंड असतानाही पकड घेणारे पॅड निवडा. सिरॅमिक पॅडचा आवाज आणि धूळ कमी असते. घाटात वारंवार जात असाल, तर जास्त उष्णता सोसणारे सेमी-मेटॅलिक पॅड बरे. पॅडचा थर ३ मिलिमीटरवर आला, की डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदला. वेग महत्त्वाचा, पण वेळेवर थांबणं त्याहून महत्त्वाचं!