सुरीवरची नक्षी आणि सुरीची धार

हाताने घडवलेल्या काही सुऱ्यांच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते. 'दमास्कस पोलाद' या नावाने अशा सुऱ्या विकल्या जातात आणि नक्षीमुळेच त्यांची किंमत चढते. ही नक्षी कशी तयार होते? आणि जितकी नक्षी सुंदर तितकी सुरी चांगली, हे खरे आहे का?

थरांचे गणित

आजच्या अशा बहुतेक सुऱ्या दोन प्रकारच्या पोलादांपासून बनतात. एक साधे कार्बनयुक्त पोलाद, तर दुसऱ्यात सुमारे २ टक्के निकेल. दोन्हींच्या पट्ट्या आलटून पालटून रचतात, टाकणखार घालून भट्टीत पिवळ्याधमक होईपर्यंत तापवतात आणि घणाखाली ठोकून एकजीव करतात. टाकणखार वितळून लोखंडावरील ऑक्साइडची पापडी विरघळवतो, त्यामुळे धातूला धातू भिडतो.

जोडलेला तुकडा लांबवायचा, मधोमध कापायचा, एकावर एक ठेवून पुन्हा जोडायचा. दर वेळी थर दुप्पट होतात. ८ थरांपासून सुरुवात केली तर ५ वेळा कापून २५६ थर होतात. पाते ५ मिलिमीटर जाड असेल तर एका थराच्या वाट्याला जेमतेम ०.०२ मिलिमीटर येतो.

थर सपाट राहिले तर पात्याच्या अंगावर एकच थर दिसेल. म्हणून लोहार तुकड्याला पीळ देतो किंवा त्यात खाचा पाडून तो पुन्हा सपाट करतो. मग घासताना थर तिरके कापले जातात. भूगोलाच्या नकाशातील समोच्चरेषा आठवा. डोंगराचे आडवे काप जसे नकाशावर वळणदार रेषा होतात, तशीच ही नक्षी आहे.

घासलेल्या पात्यावर ती जवळजवळ दिसत नाही. पाते फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवले की साधे पोलाद अधिक झिजते आणि काळवंडते, निकेलचे पोलाद चकचकीत राहते.

नक्षी टिकते, फरक मिटतो

कठीण आणि चिवट पोलादाचे थर शेजारी असल्यामुळे पात्यात दोघांचे गुण येतात, असे नेहमी सांगितले जाते. येथे विसरणाचा विचार करायला हवा. कार्बनचा अणू लहान असतो. तापलेल्या लोखंडातील अणूंच्या मधल्या फटींतून तो सहज सरकतो. निकेलचा अणू लोखंडाच्या अणूएवढाच, त्याला जागा बदलायची तर शेजारची जागा रिकामी व्हावी लागते.

ढोबळ हिशेबाने, ११०० अंश सेल्सिअसला ०.०२ मिलिमीटरचा थर ओलांडायला कार्बनला काही सेकंद पुरतात, निकेलला मात्र काही दिवस लागतील. म्हणजे घडवणे संपेपर्यंत कार्बन सर्व थरांत जवळजवळ सारखा पसरलेला असतो. पोलादाचा कठीणपणा मुख्यतः कार्बनवर ठरतो, म्हणून तो फरक बराचसा मिटतो. आपल्याला दिसते ती मागे राहिलेल्या निकेलची खूण!

मग धार कशावर ठरते? पोलादातील कार्बनवर, धारेच्या कोनावर आणि आपले लोहार ज्याला 'पाणी देणे' म्हणतात त्यावर. सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवलेले पाते तेलात किंवा पाण्यात झटकन थंड केले की ते कठीण पण ठिसूळ होते. पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवले की ठिसूळपणा कमी होतो. हे बिघडले तर उत्तम नक्षीची सुरीही भाजी चिरताना बोथट होते.

दख्खनचे पोलाद

दमास्कस हे नाव मुळात वेगळ्या पोलादाचे आहे, आणि त्याचा धागा आपल्या भागाशी जुळतो. छत्रपती संभाजीनगरजवळचे (पूर्वीच्या औरंगाबादजवळचे) पडेगाव दौलताबादच्या रस्त्यावर आहे. १७व्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणारे व्यापारी दौलताबाद-औरंगाबाद याच वाटेने जात. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये हाही या वाटेने गेला होता. इराणात नक्षीदार पात्यांसाठी गोवळकोंड्याचे पोलाद वापरतात, अशी नोंद त्याने केली आहे. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातले कोनसमुद्रम हे अशा पोलादाचे प्रसिद्ध केंद्र होते. व्हॉयसी यांनी केलेले तेथील कामाचे वर्णन १८३२ साली प्रसिद्ध झाले.

हे 'वूट्झ' पोलाद मातीच्या बंद मुशीत वितळवून बनत असे. त्यात कार्बन सुमारे दीड टक्का. येथे पट्ट्या जोडलेल्या नसत. वितळलेले पोलाद सावकाश थिजताना आणि नंतर बेताच्या उष्णतेवर घडवताना लोह-कार्बाइडचे कण रांगांत जमत, आणि त्याच रांगा नक्षी म्हणून दिसत. पोलादातील व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश या रांगांना कारणीभूत असतो, असे व्हरहोव्हेन आणि पेन्ड्री यांनी १९९८ साली दाखवले.

वर्गात करून पाहा

दोन रंगांच्या मातीचे थर रचा, दाबा, कापा, पुन्हा रचा. वरून बोटाने खळगे पाडा आणि उंचवटे दोऱ्याने सपाट कापा. नक्षी उमटेल.

शिवणाच्या दोन सुया चिमट्यात धरून लालभडक तापवा. एक हवेत सावकाश थंड होऊ द्या, दुसरी लगेच पाण्यात बुडवा. पहिली वाकेल, दुसरी काडकन मोडेल. सुई कापडात गुंडाळूनच वाकवावी आणि प्रयोग शिक्षकांनीच करावा.

अशी सुरी हाती आली तर आधी पात्याची पाठ पाहावी. खऱ्या थरांच्या रेषा तेथेही गेलेल्या दिसतात, वरवर छापलेली नक्षी कडेला थांबते. त्यानंतर पोलाद कोणते आणि पाणी कसे दिले, हे विचारावे. नक्षी लोहाराच्या जोडकामाचे कौशल्य सांगते, आणि त्यासाठी तिचे कौतुक जरूर करावे. धारेची परीक्षा मात्र कापूनच घ्यावी.