प्राथमिक स्तरावरील कृतियुक्त अध्ययन : स्थानिक किमतीच्या संदर्भात

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने हस्तोद्योगास शिक्षणाचे केंद्र मानले; राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शालेय ज्ञानाची शाळेबाहेरील जीवनाशी सांगड घालण्याचा आग्रह धरला. या भूमिकेचा वर्गातील अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होतो.

मराठीत ‘एकोणतीस’ या शब्दात तीस ऐकू येतात. लिहिताना मात्र दशकस्थानी २ येतो. ‘तीनशे पाच’ ऐकून काही मुले ३००५ लिहितात. अशा मुलास ‘कच्चा’ ठरविणे अन्यायाचे होय. त्याने ऐकले तसेच लिहिलेले असते. दहा काड्यांचा गठ्ठा व अशा दहा गठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा मुलांनी स्वतः बांधल्यास २९ मध्ये दोन गठ्ठे व नऊ सुट्या काड्या प्रत्यक्ष दिसतात. ३०५ मध्ये दशकाची जागा रिकामी असून ती शून्याने दर्शवावी लागते, हेही उमगते. शंभर, दहा व एक रुपयाच्या व्यवहारात हाच नियम पडताळता येतो.

तथापि केवळ काड्या हाताळल्याने संबोध निर्माण होत नाही. प्रथम कृती, नंतर मुलाच्या बोलीत तिचे कथन व शेवटी अंकलेखन हा क्रम शिक्षकाने जुळविला, तरच कृती अध्ययनात परिणत होते.