जुन्या रिळांची दुरुस्ती : घर्षण, झीज आणि घटकांची नावे

मराठीत ‘रीळ’ हा शब्द शिवणाच्या दोऱ्याच्या किंवा चित्रफितीच्या गुंडाळीसाठी रूढ आहे. गळाने मासे धरण्याच्या छंदात मात्र हा शब्द काठीला बसविलेल्या सबंध यंत्राचा वाचक आहे. ज्या भागावर दोरा प्रत्यक्ष गुंडाळला जातो, तो त्या यंत्राचा एक घटक होय. प्रस्तुत लेखात यंत्राला ‘रीळ’ आणि त्या घटकाला ‘फिरकी’ म्हटले आहे. अमेरिकेत ज्या प्रकारास ‘कन्व्हेन्शनल रील’ म्हणतात, त्याच्या जुन्या नमुन्यांची दुरुस्ती व निगा हा येथील विषय आहे. ही दुरुस्ती म्हणजे झिजलेला भाग काढून नवा बसविणे एवढेच नव्हे. यंत्रात घर्षण कोठे नको आहे आणि कोठे हवे आहे, याचा विवेक तिच्या मुळाशी असतो. आणि प्रत्येक घटकाची नेमकी ओळख असल्याखेरीज तो विवेक कृतीत उतरत नाही.

नाव आणि घडण

‘कन्व्हेन्शनल’ म्हणजे रूढ, परंपरागत. हे विशेषण यंत्राच्या रचनेविषयी काहीच सांगत नाही. दुसऱ्या एखाद्या प्रकाराशी असलेला विरोध मात्र ते सूचित करते. तो दुसरा प्रकार म्हणजे स्थिर फिरकीचे ‘स्पिनिंग’ रीळ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत त्याचा मोठा प्रसार झाला. त्यात दोरा सुटताना फिरकी फिरत नाही. रूढ रिळात फिरकी काठीला आडवी बसविलेली असते आणि दोरा सुटताना व गुंडाळताना ती स्वतः फिरते. ब्रिटनमध्ये याच यंत्राला ‘मल्टिप्लायर’, म्हणजे गुणक, असे नाव आहे. हँडलचा एक फेरा पुरा होताच दातेरी चाकांच्या योगाने फिरकीचे त्याहून अधिक फेरे होतात, हे त्या नावाचे कारण. एका देशाने नाव रूढीवरून ठेवले, दुसऱ्याने कार्यावरून. दुरुस्ती करणाऱ्यास अर्थातच दुसरे नाव अधिक उपयोगी आहे.

अमेरिकेत या यंत्राचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी राज्यातील पॅरिस या गावच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीपासून सांगितला जातो. पुढे मीक, मायलम इत्यादी कारागिरांनी ती परंपरा चालविली. घड्याळजींच्या हातून घडलेले हे यंत्र मोठ्या समुद्री माशांपुढे मात्र अपुरे पडे. मासा जोराने पळू लागला की हँडल उलटे गरगर फिरे आणि धरणाऱ्याची बोटे ठेचली जात. विल्यम बॉशन याच्या कल्पनेवरून हँडल स्थिर ठेवून फिरकीस आतून रोध करणारी योजना सिद्ध झाली. ज्यूलियस व्हॉम होफ या कारागिराने तसे रीळ घडविले आणि १९१३ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या कॅटलिना बेटाजवळ बॉशनने त्या साधनाने तलवार-मासा धरला. ताऱ्याच्या आकाराच्या चाकाने कमीजास्त करता येणारा हा रोध ‘स्टार ड्रॅग’ या नावाने ओळखला जातो. १९३२ साली ऑटो हेन्झे याने फिलाडेल्फियात स्थापन केलेल्या पेन कंपनीने याच तत्त्वावरची रिळे मोठ्या प्रमाणावर तयार केली. तिचे ‘सेनेटर’ हे रीळ १९३६ सालचे. दुरुस्तीसाठी पुढे येणाऱ्या जुन्या रिळांत याच घडणीची रिळे पुष्कळ असल्याने पुढील विवेचनास तीच आधारभूत धरली आहेत.

यंत्राची क्रिया

हँडल एका पोकळ आसाला जोडलेले असते. या आसावर मुख्य दातेरी चाक सैल बसते. म्हणजे आस फिरला म्हणून चाक फिरेलच असे नाही. चाकाच्या बाहेरील अंगास वाटीसारखा खोलगट भाग असतो. त्यात घर्षणाच्या व धातूच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. धातूच्या काही चकत्या आसाच्या चपट्या बाजूंत अडकून आसाबरोबर फिरतात, तर काहींचे कान चाकाच्या खाचांत बसत असल्याने त्या चाकाबरोबर फिरतात. तारा-चाक आवळले की ही चळत दाबली जाते आणि आस व चाक घर्षणाने एकमेकांस बांधले जातात. मुख्य चाक पिनियन या लहान चाकास फिरविते व पिनियन फिरकीस.

मासा दोरा ओढू लागला म्हणजे ही साखळी उलट दिशेने चालते. फिरकी पिनियनला व पिनियन मुख्य चाकाला उलटे फिरवू पाहते. पण आसाच्या तळाशी असलेल्या दातेरी चक्रात एक खटका अडकलेला असल्याने आस व हँडल जागचे हलत नाहीत. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की चकत्या एकमेकींवर घसरतात आणि दोरा तुटण्याऐवजी सुटत जातो. गळ टाकताना मात्र फिरकी पूर्ण मोकळी हवी असते. त्यासाठी बाजूची कळ फिरविली की पिनियन सरकून फिरकीच्या आसापासून अलग होते.

एकाच यंत्रात अशा दोन परस्परविरुद्ध अपेक्षा आहेत. फिरकीच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगांत घर्षण जवळजवळ नसावे; चकत्यांच्या चळतीत ते असावेच, आणि शिवाय ते एकसारखे असावे. जुन्या रिळांचे बहुतेक दोष या दोन अपेक्षांपैकी एकीचा भंग झाल्याने उद्भवतात.

बिघाडाची कारणे

पहिले कारण मीठ. समुद्राचे पाणी सुकले तरी त्यातील क्षार फटींत राहतात, हवेतील ओल शोषून घेतात आणि धातू खात राहतात. पितळेवर हिरवट कळंक चढतो. ताक पितळेच्या भांड्यात कळकते तोच हा प्रकार. क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेवर एखादा सूक्ष्म चरा पडला, की कळंक मुलाम्याखाली शिरून त्याचे पोपडे काढतो. भिन्न धातूंचे भाग क्षारयुक्त ओलीत एकमेकांस चिकटून राहिले तर त्यांतील एक धातू अधिक वेगाने झिजतो. स्क्रू जागीच धरून बसण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

दुसरे कारण वंगणाचे वार्धक्य. जुने ग्रीस कालांतराने मेणासारखे घट्ट होते. चाकांच्या दातांवर ते फक्त जडपणा आणते. खटक्यावर मात्र त्याचा परिणाम धोक्याचा असतो. खटक्याची स्प्रिंग अत्यंत नाजूक असते. ग्रीसात रुतलेला खटका दातात वेळीच पडला नाही तर हँडल एकाएकी उलटे फिरते आणि बॉशनच्या पूर्वीची बोटे ठेचणारी अवस्था परत येते.

तिसरे कारण चकत्यांचे. जुन्या रिळांत चामड्याच्या चकत्या आढळतात. तेल सुकून चामडे कठीण व गुळगुळीत झाले की चळत प्रथम घट्ट धरून बसते आणि मग एकदम सुटते. स्थिर घर्षण व गतिमान घर्षण यांतील अंतर वाढल्याचे हे लक्षण होय. दोरा तुटतो तो बहुधा या पहिल्या हिसक्याने. शिवाय दोऱ्यावरील ताण हा फिरकीवरील पिळास दोऱ्याच्या थराच्या त्रिज्येने भागून मिळतो. दोरा सुटत जाऊन ही त्रिज्या निम्मी झाली, तर तारा-चाकास हात न लावताही ताण दुप्पट होतो. या कारणास्तव दोऱ्याच्या तुटण्याच्या ताणाच्या चतुर्थांश ते तृतीयांश एवढाच ड्रॅग ठेवण्याचा प्रघात आहे. चकत्या जेथे हिसके देतात, तेथे हा हिशेब निरर्थक ठरतो.

चौथे कारण यंत्राबाहेरचे आहे. तागाच्या जातीच्या तंतूंपासून केलेल्या दोऱ्याच्या काळात फिरक्या पुष्कळदा साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या असत. नायलॉनचा एकपदरी दोरा प्रचारात आल्यावर तो याच फिरक्यांवर चढविला गेला. हा दोरा ताणाखाली लांबतो व गुंडाळल्यानंतर पुन्हा आखडू पाहतो. शेकडो वेढ्यांचा हा दाब साठून फिरकीच्या कडा फुटतात. अशा रिळावर नायलॉन वापरावयाचा असल्यास धातूची फिरकी बसविणे इष्ट.

दुरुस्तीचा क्रम

उघडण्यापूर्वी रिळाच्या सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि निघालेले भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ताटात मांडावेत. चकत्यांची चळत तर उचलली तशीच, वरची बाजू न बदलता, ठेवावी. स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारा पेचकस नसेल तर काम पुढे ढकलणे बरे. खाच एकदा बिघडली की पुढचा प्रत्येक प्रयत्न तिला आणखी बिघडवितो. न सुटणाऱ्या स्क्रूवर झिरपणारे तेल सोडून तो काही तास, प्रसंगी काही दिवस, तसाच राहू द्यावा.

साफसफाईस कोमट पाणी, सौम्य साबण व दात घासण्याचा जुना ब्रश बहुधा पुरतो. घट्ट ग्रीस धातूच्या भागांवरून रॉकेलने निघते. बाजूची तबके पुष्कळदा कठीण रबराची किंवा बेकेलाइटची असतात. त्यांना ॲसिटोनसारखी तीव्र द्रावके लावू नयेत. कठीण रबर फार वेळ गरम पाण्यातही ठेवू नये. कळंकावर पाणी घातलेला व्हिनेगर चालतो, पण तो थोडाच वेळ. त्यानंतर भाग स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा.

त्यानंतर परीक्षा. मुख्य चाकाचे दात टोकदार झाले असतील तर पिनियनही बहुधा झिजलेले असते. नवे चाक जुन्या पिनियनशी जोडल्यास नवे दात जुन्या झिजेचा आकार घेतात. म्हणून ही जोडी एकत्रच बदलावी. चामड्याच्या चकत्यांच्या जागी आज कार्बन तंतूंच्या चकत्या मिळतात. त्या उष्णतेने करपत नाहीत व घसरताना एकसारख्या घसरतात. त्या कोरड्याही चालतात. समुद्रावरच्या वापरासाठी त्यांस ड्रॅगसाठीच केलेल्या ग्रीसचा अत्यंत पातळ हात द्यावा.

वंगणाविषयीचा नियम पूर्वी सांगितलेल्या विवेकातूनच निघतो. दातेरी चाकांस पाण्याने न धुपणारे ग्रीस, बेअरिंगांस पातळ तेलाचा एखादा थेंब, खटक्यास व त्याच्या स्प्रिंगेस पातळ तेलाचा नुसता स्पर्श, आणि आतील उघड्या धातूस संरक्षणापुरता ग्रीसचा पापुद्रा. बेअरिंगांत ग्रीस भरणे ही सर्वसाधारण चूक आहे. त्याने रीळ सुरक्षित राहते, पण गळ दूर जात नाही. शेवटी डाव्या अंगाच्या बेअरिंगची टोपी अशी बसवावी की फिरकी आडवी किंचित हलेल, पण खडखडणार नाही.

नंतरची निगा थोडी आहे, पण ती चुकता कामा नये. समुद्रावरून परतल्यावर तारा-चाक आवळून, म्हणजे चकत्यांत पाणी न शिरेल अशा बेताने, रिळावर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा करावा. जोराची धार क्षार धुण्याऐवजी आत ढकलते. रीळ कोरडे झाल्यावर तारा-चाक सैल करून ठेवावे; दाबाखाली राहिलेल्या चकत्या बसतात आणि पुढच्या वेळी हिसका देतात.

नामव्यवस्थेचे महत्त्व

या घटकांची इंग्रजी नावे बहुतांशी रूपकात्मक आहेत. खटक्यास ‘कुत्रा’, पिनियनला सरकविणाऱ्या पट्टीस ‘जू’, दातेरी चाके ज्यावर उभी राहतात त्या तबकडीस ‘पूल’ म्हणतात. धरून ठेवणे, दोघांस जोडून ओढणे, आधार देणे ही कार्ये त्या नावांत आहेत. परंतु रूपक अनेकार्थी असते, आणि पत्राने सुटा भाग मागविणाऱ्यास अनेकार्थता परवडत नाही. पेन कंपनीच्या यादीत म्हणून प्रत्येक घटकास जोडक्रमांक आहे. त्यातील पहिला अंक कार्य सांगतो : ४ म्हणजे खटका, ५ मुख्य चाक, ६ घर्षणाची चकती, १३ पिनियन, २९ फिरकी. दुसरा अंक नमुना सांगतो. ‘५-६०’ म्हणजे ६० क्रमांकाच्या नमुन्याचे मुख्य चाक, ‘१३-६०’ म्हणजे त्याच नमुन्याचे पिनियन. पहिले पद स्थिर व दुसरे बदलते, अशी ही प्रकृति-प्रत्ययासारखी रचना आहे. ज्याने एक रीळ नीट अभ्यासले, त्यास दुसऱ्या रिळाची यादी वाचता येते. आणि तोच जोडक्रमांक दुसऱ्या नमुन्याच्या यादीत आढळला, तर तो भाग दोहोंस चालतो हेही त्यास न विचारता कळते.

याचे महत्त्व तुलनेने स्पष्ट होते. ऑटो हेन्झे स्वतंत्र होण्यापूर्वी ज्या ओशन सिटी कंपनीत काम करीत होता, तीही फिलाडेल्फियाचीच. तिची रिळे चांगली होती. पण ती बनणे केव्हाच बंद झाले आणि भागांच्या पुरवठ्याची अखंड साखळी उरली नाही. आज तिच्या रिळासाठी खटका हवा असेल तर दुसरे तसेच रीळ मोडावे लागते. एक वाचविण्यासाठी एक नष्ट करणे, ही अशा दुरुस्तीची अट आहे. याच्या उलट, पेनच्या अनेक जुन्या नमुन्यांचे भाग त्याच क्रमांकांनी अजून मागविता येतात.

यावरून जतनाचा एक नियम निष्पन्न होतो. वापरासाठी दुरुस्त करावयाच्या रिळात नव्या चकत्या व नवी चाके अवश्य घालावीत. पण काढलेले मूळ भाग टाकून न देता, त्यांचे क्रमांक व बदलाची तारीख लिहून, रिळाबरोबरच ठेवावेत. संग्रहासाठी ठेवावयाच्या रिळास घासून चकाकी आणू नये. त्याचा जुना वर्ण हाही एक पुरावा असतो. धातू झिजतो तो हळूहळू आणि डोळ्यांदेखत. घटकाचे नाव व कार्य यांची माहिती मात्र ते जाणणारा माणूस गेला की एकाच दिवसात जाते. जुने रीळ पुन्हा चालू करणाऱ्याने त्याचबरोबर त्याची लेखी नोंद केली, तरच ते काम पुरे झाले असे म्हणता येईल.