जिप्सी आधी धडधाकट करा, मग उंच करा

जुनी जिप्सी दारात उभी राहिली की बहुतेकांचा पहिला फोन टायरवाल्याला जातो आणि दुसरा लिफ्ट किट विकणाऱ्याला. बघता बघता गाडी चार इंच उंच होते, पुढे विंच बसतो, टपावर दिव्यांची रांग लागते. मग पहिल्याच मोठ्या पावसात, पहिल्याच खडकाळ चढावर स्टेअरिंग हातात थरथरू लागतं, नाहीतर मागचा एक्सल तुटतो आणि गाडीला ओढून आणावं लागतं. एवढ्या खर्चानंतर असं का व्हावं? कारण कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. जुन्या फोर बाय फोरवर पैसे घालायला हरकत नाही, पण ते आधी कुणाला न दिसणाऱ्या जागी घालायचे असतात.

मारुतीने जिप्सी १९८५च्या अखेरीस बाजारात आणली, तेव्हा तिला ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. १९९६ साली १२९८ सीसीची ‘जिप्सी किंग’ आली आणि २०००च्या सुमारास त्याच इंजिनाला एमपीएफआय मिळून ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. लष्करापासून पोलिसांपर्यंत आणि ताडोबाच्या सफारीपर्यंत ती सगळीकडे राबली. २०१९मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली. त्यामुळे आज हाती येणारी प्रत्येक जिप्सी वापरलेली असते आणि त्यातल्या कितीतरी वीस वर्षं उलटलेल्या असतात. तरीही तिची मागणी टिकून आहे. शिडीसारखी मजबूत चासी, पुढे-मागे अखंड एक्सल, साधे पाटे आणि जेमतेम टनभर वजन, हे सगळं एका गाडीत आता मिळत नाही. गोव्यात २०१४पासून भर पावसाळ्यात रंगणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये जिप्सी इतक्या दिसतात त्या याच गुणांमुळे.

हातोडी, जॅक आणि दोन माणसं

कामाची सुरुवात धुण्यापासून करावी. चासीच्या पेटीसारख्या पोकळ भागात वर्षानुवर्षं चिखल साठतो, तो ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून काळा रंग मारलेला असला की काही कळत नाही. जाणता मिस्त्री छोटी हातोडी घेऊन चासीवर ठोकत जातो. पत्रा धड असेल तिथे टणटणीत आवाज येतो, सडला असेल तिथे बद्द वाजतो. मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे बसतात ती जागा विशेष तपासावी. इथे गंज असेल तर आधी तेवढा भाग कापून योग्य जाडीचा नवा पत्रा वेल्ड करणं हेच काम. नवीन पाटे त्यानंतर.

दुसरी तपासणी पुढच्या चाकांची. जिप्सीच्या पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना मोठं गोल नकल असतं. त्याच्या वर आणि खाली किंगपिनचे बेअरिंग असतात, चाक वळतं ते त्यांच्यावर. पुढचं चाक जॅकवर उचला आणि वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा, कारण ब्रेक लागल्यावर हब आणि नकल एकमेकांना घट्ट धरले जातात. खेळ तसाच राहिला तर किंगपिन बेअरिंग झिजले आहेत. ठरावीक वेगाला स्टेअरिंग जोरात थरथरणं हा जुन्या जिप्सीचा प्रसिद्ध आजार. अनेक जण त्यावर स्टेअरिंग डॅम्पर बसवून मोकळे होतात. डॅम्पर थरथर दाबतो, झिजलेला बेअरिंग तसाच राहतो. टाय रॉड एंड, शॅकलचे बुश आणि स्टेअरिंग बॉक्सचा प्लेही याच वेळी बघून घ्यावा.

चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, काळपट ग्रीस ओघळलेलं दिसलं तर एक्सलचं आतलं ऑइल सील गेलं आहे असं समजा. डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये शिरतं, ग्रीस पातळ करतं आणि पुढे ब्रेक डिस्कपर्यंत पोहोचतं. सील स्वस्त असतं, पण ते बदलायला अख्खं नकल उघडावं लागतं. म्हणून उघडलंच आहे तर बेअरिंग, सील आणि शिम एकाच वेळी नवे घालावेत. ट्रान्सफर केसचे रबरी माउंटिंग आणि शाफ्टचे क्रॉसही त्याच फेरीत उरकावेत.

टायर नेमकं काय बदलतं

धड गाडीला पहिली भर टायरची. इथे थोडं गणित कामी येतं. जिप्सी किंगच्या २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर भरतो. २३५/७५ आर १५ चा भरतो ७३३. म्हणजे चाक जवळपास १० टक्के मोठं झालं आणि एक्सल जमिनीपासून सुमारे ३३ मिलिमीटर वर गेला. खडकावर आधी घासतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि त्याला वर उचलण्याचा साधा मार्ग मोठं चाक हाच. पाटे उंच केले की बॉडी वर जाते, गोळा होता तिथेच राहतो.

याची किंमतही लगेच मोजावी लागते. चाक १० टक्के मोठं झालं की गिअरिंग तेवढंच ताठ होतं. ट्रान्सफर केसचा हाय रेशो १.४०९ आणि लो २.२६८, म्हणजे लोमध्ये मिळणारा फायदा मुळातच १.६ पटींचा. त्यातला वाटा मोठा टायर खातो. ब्रेकवर भार वाढतो, क्लच लवकर जळतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. म्हणून रस्त्यावरही चालवायच्या गाडीला मूळ मापातलाच ऑल-टेरेन टायर आणि सोबत हवा भरायचा छोटा कंप्रेसर, हा माझा आग्रह आहे. पायवाटेवर हवा १६-१८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर लांबट पसरतो आणि पकड लक्षणीय वाढते. डांबरावर येताच हवा पुन्हा भरायची. फोर व्हील ड्राइव्हही तिथे लगेच काढायचा, कारण पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये फरक सामावणारा डिफरन्शियल जिप्सीत नाही. कोरड्या रस्त्यावर शाफ्ट आणि गिअर पिळवटले जातात.

त्यानंतर लॉकर. साधा डिफरन्शियल सगळी ताकद अधांतरी चाकाकडे वाहू देतो. खड्ड्यात कर्णरेषेतली दोन चाकं सुटली की चारही चाकांना जोर असलेली गाडी जागच्या जागी उभी राहते. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो, पण मग सगळा जोर टेकलेल्या एकाच चाकाच्या एक्सल शाफ्टवर येतो. जुना शाफ्ट तिथे हात टेकतो. म्हणूनच प्रत्येक सुधारणेआधी विचारावं, आता हा भार कुणाच्या डोक्यावर जाणार?

पाणी, कायदा आणि माती

सह्याद्रीत ऑफ-रोडिंग म्हणजे पाणी आलंच. गरम झालेला एक्सल थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ झालं तर समजावं की पाणी शिरलं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटपर्यंत वर नेणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा उपाय आहे. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

कायद्याची बाजूही आधी समजून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. पुढच्या बुल बारवरही केंद्राने डिसेंबर २०१७मध्ये बंदीचा आदेश काढला आहे. १५ वर्षांनंतर नोंदणी ५-५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तिथे गाडी तपासली जाते. चासी कापून केलेली स्पर्धेची गाडी दुसऱ्या वाहनावर लादून न्यायची असते.

आणि गाडी कुठे नेता हेही तितकंच महत्त्वाचं. जांभ्या दगडाच्या सड्यांवर माती बोटभर असते आणि पावसाळ्यातली रानफुलं त्याच मातीवर उगवतात. तिथे उमटलेलं चाक वर्षानुवर्षं दिसत राहतं. वनखात्याची हद्द, शेताचा बांध आणि सडे सोडून, मालकाची परवानगी घेऊन, मळलेल्या वाटेनेच जावं.

जिप्सी आता नव्याने मिळणार नाही. उरलेल्या गाड्या पुढच्या पिढीपर्यंत पोहोचायच्या असतील तर यंदाचं बजेट चासी, नकल, सील आणि ब्रेक यांच्यासाठी ठेवा. टायर पुढच्या वर्षी घ्या, लॉकर त्याच्या पुढच्या वर्षी. लिफ्ट किटची गरज त्यानंतरही वाटली, तर तेव्हा बघता येईल. बऱ्याच जणांना ती वाटत नाही, कारण धड असलेली मूळ जिप्सीच त्यांना हवं तिथे नेऊन परत आणते.