पाळीवर सिस्टर किती?

न्यू जर्सीत आपल्यापैकी बहुतेकांचं कुणी ना कुणी आहे. पुढच्या वेळी व्हिडिओ कॉलवर त्यांना एक गोष्ट विचारून बघा: तिकडच्या हॉस्पिटलमध्ये वॉर्डाच्या भिंतीवर रोज बदलणारा आकड्यांचा तक्ता पाहिलाय का? या पाळीत नर्स किती, मदतनीस किती आणि एकेकीकडे रुग्ण किती, हे त्यावर असतं. ही हॉस्पिटलची मेहेरबानी नाही. राज्याने २००५ मध्ये केलेल्या कायद्यानुसार हॉस्पिटल आणि नर्सिंग होम दोघांनाही तो लावावा लागतो.

मला हे ठाऊक असण्याचं कारण अगदी पोटापाण्याचं आहे. घर बेळगावात असलं तरी काम अमेरिकेतल्या नर्सिंग होमच्या हजेरी-पगाराच्या सॉफ्टवेअरवर चालतं. (तिकडचं नर्सिंग होम म्हणजे आपल्या टिळकवाडीतलं दहा खाटांचं हॉस्पिटल नव्हे. तिथे म्हातारी माणसं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात.) राज्याच्या तक्त्याखेरीज तिथे केंद्र सरकारचाही नियम आहे. २०१६ पासून प्रत्येक नर्सिंग होमला दर तिमाहीचा हजेरीपट, तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, सरकारकडे पाठवावा लागतो. नावाऐवजी क्रमांक, तारीख, कामाचा प्रकार आणि तास, असं त्याचं स्वरूप. पगार दिलेलेच तास धरायचे आणि आठ तासांच्या पाळीतून जेवणाचा अर्धा तास वजा करायचा. कंत्राटी माणसंही धरायची. मग ही माहिती सगळ्यांसाठी खुली होते. २०२२ पासून शनिवार-रविवारी किती माणसं असतात आणि वर्षभरात किती जण नोकरी सोडून गेले, हेही लोकांना बघता येतं.

पूर्वी तपासणीच्या सुमाराच्या दोन आठवड्यांचे आकडे संस्था स्वतःच भरून देत. शाळेत इन्स्पेक्टर यायच्या दिवशी वर्ग कसा झाडून-पुसून लख्ख असतो, त्यातलाच प्रकार. पगाराच्या नोंदींवरून हिशेब सुरू झाल्यावर २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली, की दहापैकी सात ठिकाणी माणसं आधीच्या आकड्यांपेक्षा कमी निघाली.

अर्थात नुसत्या तक्त्याने नर्स वाढत नाहीत. न्यू जर्सीने नर्सिंग होमसाठी किमान प्रमाण ठरवलं ते २०२० मध्ये, कोविडने तिथे हाहाकार माजवल्यावर. दिवसा ८ जणांमागे एक मदतनीस, संध्याकाळी १० जणांमागे एक कर्मचारी, रात्री १४ जणांमागे एक. मधली पंधरा वर्षं आकडे समोर दिसत असूनही गेली. तरी मला वाटतं, आकडाच नसेल तर भांडायचं कशावरून?

आता आपल्याकडे या. २०१७ चा नोव्हेंबर बेळगावकरांना आठवत असेल. सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन होतं आणि खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यातल्या दुरुस्तीविरुद्ध राज्यभरचे डॉक्टर इथे निदर्शनांना आले होते. दुरुस्ती झाली. दरपत्रक लावायचं, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही, तक्रारीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण, हे सगळं चांगलंच झालं. पण रोजच्या पाळीवर किती सिस्टर आहेत, हे नातेवाइकांना दिसेल असं लावायची सक्ती त्यात आली नाही. खोलीचं भाडं कळतं, खोलीत कोण येणार ते कळत नाही.

गेल्या दिवाळीनंतर आजी इथल्याच एका खासगी हॉस्पिटलात होती. रात्री दोन वाजता सलाइन संपलं म्हणून मी बाहेर आलो, तर अख्ख्या मजल्यावर एकच सिस्टर. खानापूरकडची, वय तेवीस-चोवीस. सकाळपासून तीच होती, कारण रात्रपाळीची आलीच नव्हती. ‘दादा, दोन मिनिटं थांबा हं,’ म्हणाली आणि खरंच दोन मिनिटांत आली. आमच्या फाईलमध्ये ही दुहेरी पाळी एका क्रमांकासमोर उमटली असती. इथे ती कुठे नोंदली गेली असेल, देव जाणे.

तिच्या पगाराबद्दलही बोललं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती: ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी नको आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. कमी पगारात मुली टिकत नाहीत आणि उरलेल्यांवर दुहेरी पाळ्या येतात.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत आहे. तीन ठिकाणी चौकशी केली. पॅकेज, रूम, टीपीए हे सगळीकडे छापील मिळालं. ‘रात्री या मजल्यावर किती सिस्टर आणि त्यांतल्या जीएनएम किंवा बीएस्सी किती?’ यावर दोन ठिकाणी ‘काळजी करू नका’ एवढंच. तिसऱ्या ठिकाणी मेट्रनबाईंनी ड्युटीचं रजिस्टरच उघडून पुढे केलं. आम्ही तिथेच तारीख घेतली.